उतारवयात राहतं घर की ज्येष्ठांची वसाहत?

वर्षभरात ओळखीतल्या चार-पाच जोडप्यांनी हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. मी ६९ वर्षांचा, ही ६६. मुलगा बेंगळुरूला, मुलगी ठाण्याला. आमचा फ्लॅट कोथरूडला, पहिल्या मजल्यावर. इमारत १९८९ची, लिफ्ट नाही. एक तर आहे तेच घर पुढच्या पंधरा-वीस वर्षांसाठी नीट करून घ्यायचं, नाहीतर ते भाड्याने देऊन ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहतीत जायचं, असा पेच होता. वसाहतीचा विचार वरवरचा नव्हता. अनामत भरण्याइतपत मन तयार झालं होतं. त्याआधी बारा दिवस तिथल्या पाहुण्यांच्या खोलीत राहून यावं, ही हिची अट. आज वाटतं, तिने फार मोठा उपकार केला.

बांधकामाच्या बाबतीत वसाहत उजवी, यात वाद नाही. महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष घालून दिले आहेत. एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट हवी, दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद हवीत, न्हाणीघरात आधाराचे दांडे हवेत. आमच्या बाथरूमचं दार जेमतेम अडीच फुटांचं, चौकट धरून. चाकाची खुर्ची आणायची वेळ आली तर ती बाहेरच राहणार. तिथे सगळं एका पातळीत, कुठे उंबरा नाही, पाय अडखळायला जागा नाही. पहिल्या रात्री हिने कमोडशेजारची लाल दोरी दिव्याची समजून ओढली. मी घड्याळ लावून पाहिलं नाही, पण शर्ट अंगात घालेपर्यंत नर्स दारात उभी होती. ही सोय आपल्या घरी कितीही खर्च केला तरी तशी होत नाही.

जेवण चांगलं, थोडं अळणी. माणसं मनमिळाऊ. संध्याकाळी भजन, सकाळी योगासनं. तक्रार करावी असं खरंच काही नव्हतं.

आणि मग पाचव्या दिवशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला.

कोथरूडला असतो तर ही सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चपला दुरुस्त करणारे काका बसतात. दहा मिनिटांत काम होतं, तेवढ्यात शेजारच्या वाण्याकडून साखर घेऊन होते. तिथे मात्र फाटकाबाहेर दोन किलोमीटरपर्यंत एक दुकान नाही. गावात जाणारी गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी. आदल्या दिवशी वहीत नाव लिहायचं. तुटली शनिवारी. ऑफिसातला मुलगा भला होता, म्हणाला, “काका, मी येताना आणतो की नवीन, माप सांगा.” पण मला नवीन नको होती, माझीच शिवून हवी होती, आणि मुख्य म्हणजे ती मला स्वतः नेऊन द्यायची होती. पुढचे तीन दिवस मी बाथरूमच्या रबरी चपला घालून फिरलो. तळ गुळगुळीत, मागून सुटणाऱ्या. एवढ्या सुरक्षित जागेत माझा पाय दोनदा सटकला तो त्या चपलांमुळे.

प्रश्न चपलेचा नव्हता, हे मला मंगळवारी गाडीत बसल्यावर कळलं. आमच्यासोबत सात जण होते. एकाला पासबुक भरून घ्यायचं होतं, एका वहिनींना ब्लाउजचं अस्तर हवं होतं. सगळ्यांनी कागदावर याद्या करून आणल्या होत्या, कारण काही राहिलं तर शुक्रवारपर्यंत थांबायचं. बाहेर पडणं हा तिथे एक कार्यक्रम असतो. आमच्या घरी ते दिवसातून चार वेळा, विचार न करता घडतं. कोथिंबीर, पेपरची रद्दी, औषधाची एक पट्टी. आता मला वाटतं की गुडघे चालू राहतात ते या चार फेऱ्यांमुळे, सकाळच्या योगासनांमुळे कमी. माझं हे मत मोजून-मापून केलेलं नाही. पण बारा दिवसांनी घरी आलो तेव्हा आमचा अठरा पायऱ्यांचा जिना मला जड गेला होता, एवढं खरं.

अर्थात तो जिना हीच राहत्या घराची सगळ्यात मोठी उणीव. लिफ्टचा विषय सोसायटीच्या सभेत दोनदा येऊन गेला. तळमजल्यावरच्या सभासदांना खर्चात वाटा नको, आणि त्यांचंही अगदीच चूक म्हणवत नाही. पुनर्विकास झाला तर लिफ्ट येईल, पण त्यासाठी दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची या वयात हिंमत नाही. मग आम्ही आमच्यापुरतं केलं. कठडा एकाच बाजूला होता, भिंतीच्या बाजूनेही दांडा बसवून घेतला. उतरताना तोल जास्त जातो, तेव्हा दोन्ही हातांना आधार हवा. पायऱ्यांच्या कडांना पिवळा रंग दिला. मधल्या वळणावर एक घडीची खुर्ची ठेवलीय. सोसायटीने परवानगी आनंदाने दिली, आणि आता वरच्या मजल्यावरच्या आजी आमच्यापेक्षा जास्त वेळ त्या खुर्चीवर बसतात.

बाथरूमवर खर्च झाला तो साधारण दीड लाख. गुळगुळीत फरशी काढून लहान आकाराची खरखरीत बसवली, सांधे जास्त म्हणून पाय धरतो. उंबरा काढला, पाण्याचा उतार आतल्या कोपऱ्याकडे घेतला. दांड्यांच्या बाबतीत एक सांगतो. मिस्त्री नेहमीच्या उंचीवर खूण करून मोकळा झाला होता. मी हिला कमोडवर बसायला सांगितलं, उठताना हात आपसूक जिथे जातो तिथे पेन्सिलने रेघ मारली. ती मिस्त्रीच्या खुणेपेक्षा चार बोटं खाली आणि बरीच पुढे आली. हिचा उजवा गुडघा दुखतो, म्हणून ती डावीकडे झुकून उठते, हे चाळीस वर्षांत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. दांडा त्या रेघेवर बसला. भिंत ठोकून बघितली तर एका ठिकाणी फरशीमागे पोकळ आवाज आला, तिथलं प्लास्टर फोडून विटेत बोल्ट घेतले. रबरी चकतीने चिकटणारे दांडे मात्र घेऊ नका. माझ्या मेव्हण्यांच्या हातात तो निघून आला होता.

लाल दोरीच्या जागी आम्ही बिनतारी घंटा लावली. बटण बाथरूममध्ये, घंटा शेजारच्या वहिनींकडे, आणि आमची एक किल्लीही त्यांच्याकडे. रात्री उठलं की मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं. एकदम उठलं की रक्तदाब उतरून चक्कर येते, हे डॉक्टरांनी दोघांनाही बजावलंय. पॅसेजमध्ये चाहूल लागताच उजळणारा छोटा दिवा आहे.

पैशांचं म्हणाल तर सरळ तुलना होत नाही. वसाहतीत महिन्याचा आकडा ठरलेला असतो, ही मोठी निश्चिंती. घरी तो आज कमी आहे, पण उद्या सेवा पुरवणाऱ्या ब्यूरोकडून सांभाळायला बाई चोवीस तासांसाठी ठेवावी लागली तर कुठल्या कुठे जाईल. सत्तरी पूर्ण झाली की सरकारच्या आयुष्मान भारत योजनेतून ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं, पण ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी. घरातल्या मदतनीस बाईंचा पगार त्यात येत नाही. तो आपला आपणच बाजूला ठेवायचा. आम्ही त्यासाठी वेगळी ठेव केली आहे.

तेव्हा, एकटं असाल, किंवा जोडीदाराला विसराळूपणाचा आजार असेल, किंवा शेजारी किल्ली ठेवावी असं घर नसेल, तर मी कदाचित तुम्हाला वसाहतच सुचवेन. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणाऱ्यांनीही माझं ऐकून थांबू नये. पण दोघंही हिंडते-फिरते असाल आणि खाली उतरल्यावर शंभर पावलांत बाजार असेल, तर आधी घराकडे बघा. वसाहत बघायला जाल तेव्हा रविवारी जेवून परत येऊ नका. आठ-दहा दिवस राहा, आणि त्यात एखादं बारीकसं काम स्वतः बाहेर जाऊन करून बघा. चश्म्याचा स्क्रू, घड्याळाचा सेल, काहीही.

आमच्याकडे एक काम राहिलंय. बाथरूमचं दार अजून आतच उघडतं. आत कुणी पडलं आणि अंग दाराला टेकलं तर बाहेरच्याला ते ढकलता येत नाही. सुतार दिवाळीनंतर येतो म्हणालाय. बाहेर उघडणारं करून घेताना रुंदीही वाढवायची आहे. तोपर्यंत आतून कडी लावायची नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.