पेनासारखा टीडीएस मीटर: काय दाखवतो, काय लपवतो

पाणी फार थोडे पदार्थ सोडून बाकी सगळ्यांना थोडंबहुत विरघळवतं. पावसाच्या थेंबात हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळून सौम्य आम्ल होतं, ते बेसॉल्टला कुरतडत कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम घेऊन विहिरीत उतरतं. खडकाची ही झीज टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ, दाखवणाऱ्या स्वस्तातल्या मीटरवर आकड्यात दिसते, म्हणून तो मला फार आवडतो.

पण तो क्षार मोजत नाही, विद्युतवाहकता मोजतो आणि तिला साधारण 0.5 ने गुणतो. बेसॉल्टमधूनच आलेली सिलिका बहुतांशी विद्युतभाररहित असते, त्यामुळे ती त्याला जवळजवळ दिसतच नाही. जिवाणूही नाहीत. फ्लोराइड घातक पातळीला गेलं तरी आकडा जेमतेम हलतो. म्हणून 'आकडा कमी, पाणी शुद्ध' हे आरओ फिल्टर विकणाऱ्याचं गणित साफ चुकीचं.

वापरताना टोक खुणेपर्यंतच बुडवा, हलकेच हलवून बुडबुडे झटका (ते चिकटले तर आकडा कमी येतो) आणि अर्धा मिनिट थांबा. वाहकता दर अंशाला सुमारे 2 टक्के वाढते, तेव्हा तापमान-भरपाई असलेलाच घ्या. आकडा बरोबर येतो का, ते 342 पीपीएमच्या (दशलक्ष भागांत 342 भाग, म्हणजे साधारण तितकेच मिलिग्रॅम प्रतिलिटर) तयार द्रावणात तपासा, मग डिस्टिल्ड पाण्याने धुऊन पुसा. इलेक्ट्रोडवर पांढरा थर बसला तर व्हिनेगर चालतं.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकातली टीडीएसची मर्यादा 500 मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 2000. बोअरचं पाणी अधूनमधून तपासायला उत्तम. एकट्या याच्या भरवशावर आरओ मात्र घेऊ नका.