वास्तुशांतीला बाई गुरुजी – बडोदा (४/५)

दांडिया बाजारातल्या ओळखीतून यांचा नंबर मिळाला. घरी आधी वादावादी झालीच, आत्या म्हणाल्या बाईमाणसाने होम सांगायचा म्हणजे काय, आता पुण्यात ज्ञान प्रबोधिनीत बायका कधीपासून पौरोहित्य शिकतायत आणि आपल्याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१५ ला कायदा करून पुरोहितांना परीक्षा लावली होती, तेव्हा पण लोक चिडलेच असतील की!

असो. उच्चार एकदम स्वच्छ, घाई नाही, कुठला विधी कशासाठी ते मराठीत सांगतात, वहिनी गुजराती म्हणून तिला गुजरातीत पण. काकूंना (काका गेले दोन वर्षांपूर्वी) मागे बसू दिलं नाही, औक्षण त्यांनाच करायला लावलं, आत्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं पण नंतर दक्षिणेचं पाकीट त्यांनीच पुढे केलं.

एक स्टार कापला कारण सामानाची यादी आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आली, समिधांसाठी सकाळी मांडवीत पळापळ. दक्षिणा आधीच ठरवतात, मला ते बरं वाटलं, जुन्या लोकांना खटकेल. श्राद्धही करतात म्हणे, ते आमच्याकडे इतक्यात जमेलसं वाटत नाही 😅 श्रावणात तारीख हवी असेल तर लवकर फोन करा.