नाताळचा केक आणि छावणीतली भट्टी

घरी ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे आणि तो चांगला चालतो. रविवारचा साधा केक त्यात छान फुलतो. तरी नाताळचा सुक्या मेव्याचा केक आम्ही दोघं लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरपासून इंदूरच्या छावणी भागातल्या एका जुन्या बेकरीच्या भट्टीतच भाजून आणतो. इंदूरमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींनी ही सोय जरूर वापरून बघावी, म्हणून सविस्तर लिहिते आहे. दुकानावर पाटी नाही. टोस्टचे पत्र्याचे डबे रस्त्यापर्यंत रचलेले दिसले की समजा पोचलात. मोहल्ल्यात 'भट्टीवाले' एवढंच विचारायचं.

दिवाळीत जसं मैदा, तूप, साखर घेऊन नानकटाई भाजून आणतात, तसंच हे. मिश्रण आपलं, डबा आपला, भाजणं त्यांचं. किलोभराच्या डब्याला गेल्या वर्षी 60 रुपये पडले. घरच्या विजेला याहून कमीच खर्च येतो, पण मी पैशांसाठी जात नाही, केकसाठी जाते.

पहाटे पाव आणि टोस्ट निघतात तेव्हा भट्टी कडक तापलेली असते. मग निखारे बाहेर ओढतात, लांब काठीला बांधलेल्या ओल्या फडक्याने आतली फरशी पुसतात, आणि विटांत मुरलेली धग दुपारपर्यंत सावकाश उतरत जाते. मेव्याने जड झालेल्या केकला नेमकी हीच धग लागते: 150-160 अंश आणि दोन-अडीच तासांची सवड. छोट्या ओटीजीत वरची कॉइल डब्याच्या तोंडाशी असते. वरचा थर काळवंडतो, टोचलेली सळई मात्र मधून ओलीच येते. भट्टीत आच सगळीकडून सारखी लागते. कड कोरडी पडत नाही, आणि कापताना मनुके तळाशी गोळा झालेले दिसत नाहीत (त्यासाठी मेवा मैद्यात घोळवून घ्यावा, ते काम भट्टी करणार नाही).

आमचे हे नगरच्या मराठी ख्रिस्ती घरातले, मी इंदूरच्या रामबागेतली. त्यांच्याकडे नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे असा सगळा फराळ होतो, त्यामुळे मला ते घर पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं. केक मात्र मी सासूबाईंकडून शिकले. नोव्हेंबर संपता संपता आम्ही दोघं सियागंजच्या बाजारात जाऊन काळे मनुके, बेदाणे, खजूर, अंजीर, जर्दाळू आणि टुटीफ्रुटी आणतो. हे कात्रीने मेवा कापतात. कात्री मधूनमधून गरम पाण्यात बुडवतात, म्हणजे खजूर चिकटत नाही. मग तो मेवा संत्र्याच्या रसात भिजवून बरणी फ्रिजमध्ये ठेवायची आणि रोज उठल्यावर एकदा हलवायची. आगर-माळव्याची संत्री तेव्हा बाजारात असतातच. काही घरांत रम घालतात, आम्ही घालत नाही, आणि चवीत काही उणं पडतं असं मला वाटत नाही. केरळात तलश्शेरीला मांबळ्ळी बापूंनी 1883 साली बिस्किटांच्या कारखान्यात जो केक केला, तो आपल्या देशातला पहिला नाताळचा केक मानतात. त्यांना फ्रेंच ब्रँडी घालायला सांगितलं होतं, त्यांनी काजूच्या बोंडांची आणि केळ्यांची गावठी दारू वापरली. जिथे जे पिकतं त्यात मेवा भिजवावा, हे मला फार पटतं.

साखर जाळायचं काम माझं. साखर तांबूस झाली, मग काळपट तपकिरी, आणि कडेने धूर दिसला रे दिसला की गॅस बंद करून उकळतं पाणी घालायचं. चर्रकन उसळतं, म्हणून हात लांब ठेवायचा. केकचा गडद रंग आणि ती किंचित कडवट चव या पाकाची. बाजारच्या पुष्कळ केकमध्ये नुसता रंग असतो, ही चव सापडत नाही.

आता भट्टीवाल्यांविषयी. माणूस कमी बोलणारा, पण कामात चोख. डबा हातात घेतल्यावर पहिला प्रश्न, "भाभीजी, अंडा है के बिना अंडे का?" बिनअंड्याचे डबे ते वेगळ्या पत्र्यावर, आधीच्या घाण्यात लावतात. इंदूरात हे फार महत्त्वाचं आहे आणि ते त्यात कधी हयगय करत नाहीत. डब्याला आतून दुहेरी बटर पेपर आणि बाहेरून खाकी कागद गुंडाळला नसेल तर ते स्वतः गुंडाळून देतात. मध्ये एकदाही दार उघडून डोकावत नाहीत, आणि केक तयार झाल्याचं वासावरून ओळखतात. तोवर आम्ही शेजारच्या टपरीवर चहा घेतो, सोबत त्यांचाच ताजा जिऱ्याचा टोस्ट. वर्षभरातली ही एक दुपार दोघांपैकी कोणीही फोनकडे बघत नाही.

तक्रारही आहे. 20 तारखेनंतर तिथे इतकी गर्दी होते की डब्यांची अदलाबदल होते. एका वर्षी आमच्या हातात दुसऱ्याच घरचा केक आला, आणि त्या बाईंच्या हातात आमचा अंड्याचा जाता जाता वाचला. चूक कळल्यावर भट्टीवाल्यांनी हात जोडले, पण गर्दीच्या दिवसांत नंबर लावलेले बिल्ले द्यायला अजून सुरुवात केलेली नाही. ती करायलाच हवी. खडूने लिहिलेलं नाव गरम डब्यावरून पुसून जातं. बसायला जागा नाही, आणि पावाच्या फडताळाजवळ धूर डोळ्यांत जातो. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डबा देऊन सरळ घरी जावं.

24 च्या रात्री आम्ही व्हाइट चर्चला जातो. रेसिडेन्सीच्या बाजूचं हे चर्च 1858 सालचं आहे. तिथून सराफा बाजारात जिरावण (इंदुरी मसाला) आणि लिंबू मारलेला गरम गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायचा. तो थंडीतच मिळतो. केक 25 ला सकाळी कापतो, आधी शेजाऱ्यांची ताटं, करंजी-चकलीबरोबर.

केक 18-19 तारखेपर्यंत भाजून घ्या. चार-पाच दिवस मुरला की चव आणखी चढते. दुपारी दोनच्या आत पोचा, धग उतरल्यावर ते डबा घेत नाहीत. जाड बुडाचा ॲल्युमिनियमचा डबा न्या, पातळ पत्र्यात तळ करपतो. नाव खिळ्याने डब्याच्या बाजूवर कोरा, बुडावर नको, डबे एकावर एक ठेवतात तेव्हा ते दिसत नाही.