बटाट्याच्या घट्ट सूपसाठी हँड ब्लेंडर घ्यावा का? भरपूर वापरून झाल्यावरचं मत

आधी मत सांगून टाकते म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. बटाट्याचं घट्ट, पोटभरीचं सूप तुमच्याकडे नेहमी होत असेल तर स्टीलच्या दांड्याचा हँड ब्लेंडर, म्हणजे थेट पातेल्यात बुडवून फिरवायचं हातातलं यंत्र, जरूर घ्या, आणि वर्षातनं एखाद्या वेळेस होत असेल तर साधा मॅशर पुरतो, उगाच पैसे घालवू नका. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये कारण मी जे सांगणारे ते स्टीलच्या दांड्याच्या जवळपास सगळ्याच मॉडेल्सना लागू होतं. माझ्याकडचा 600 वॉटचा आहे, दोन स्पीड, दांडा फिरवून वेगळा निघतो, सोबत एक छोटा चॉपर आणि एक व्हिस्क (फेटायची जाळी) आला होता.

आता पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच असतो की घरात मिक्सर असताना हे वेगळं यंत्र कशाला. एक तर उकळतं सूप मिक्सरच्या बंद भांड्यात घालून फिरवलं की आत वाफ कोंडते आणि झाकण उडून हात भाजू शकतो, त्यामुळे सूप गार करा, दोन-तीन वेळा भांडं भरा, परत पातेल्यात ओता, परत गरम करा, एवढा सगळा उद्योग होतो. पण माझ्या मते हे कारण दुय्यम आहे, खरं कारण बटाट्यातच आहे. बटाट्यात साधारण 80 टक्के पाणी आणि उरलेल्यात बहुतेक स्टार्च. हा स्टार्च पेशींच्या आत बारीक कणांच्या रूपात असतो, साधारण 60-65 अंश सेल्सिअसच्या पुढे तापमान गेलं की हे कण पाणी पिऊन फुगतात, आणि पेशी शाबूत आहेत तोवर सगळं आतल्या आत राहतं, म्हणूनच नीट शिजलेला बटाटा तोंडात मऊ लागतो, चिकट लागत नाही. जोरात फिरणारं पातं या पेशी फोडतं, फुगलेला स्टार्च बाहेर येऊन पाण्यात मिसळतो, आणि जास्त वेळ फिरवलं तर सूपची खळ होते. चमच्यातनं सोडलं तर धार पडत नाही, तार येते, वर एक तुळतुळीत चकाकी दिसते, आणि कितीही बटर घाला, चव अशी जिभेला लागतच नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, जी जाहिरातीत कुठेच नसते. हँड ब्लेंडरचं पातंही भयंकर जोरात फिरतं, तोही पेशी फोडतोच. फरक एवढाच की पातेल्यातलं थोडंच सूप एका वेळी पात्याखाली येतं, सगळं तुमच्या डोळ्यासमोर चाललेलं असतं आणि बोट उचललं की थांबतं. माझ्यासाठी या यंत्राची खरी किंमत या थांबता येण्यात आहे. गुळगुळीत तर मिक्सरही करतो, पण बरोब्बर हवं तिथे थांबणं फक्त यातच जमतं.

मी कसं करते ते सांगते म्हणजे यंत्राचं काम नेमकं किती ते कळेल. जाड बुडाचं खोल पातेलं घ्यायचं, बटरवर बारीक चिरलेला कांदा, लीक (जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी) मिळाला तर तोही, मंद आचेवर पार मऊ होऊ द्यायचा पण लाल नाही करायचा, मग थोडा लसूण, आणि साधारण किलोभर बटाट्याच्या एकसारख्या फोडी, दोनेक सेंटीमीटरच्या. एकसारख्या का, तर मोठी फोड आतून कच्ची राहिली की ती पात्याखाली दाणेदारच राहते आणि ती बारीक करायच्या नादात बाकीचं सूप चिकट होतं. त्यावर सव्वा लिटर स्टॉक (भाज्या किंवा हाडं उकळून गाळलेलं पाणी) किंवा साधं पाणी आणि मीठ, मीठ आत्ताच, कारण नंतर वरून घातलेलं फोडींच्या आत नीट मुरत नाही. पंधरा-वीस मिनिटांत सुरी अलगद आरपार जायला लागते. शिजल्यावर भुसभुशीत होणारा बटाटा घेतला तर सूप आपोआप दाट होतं, मेणासारखा घट्ट राहणारा घेतला तर फोडी शाबूत राहतात पण रस्सा पातळ राहतो, मला दोन्ही मिसळून आवडतात. हिरवट पडलेला बटाटा मात्र सरळ बाजूला ठेवा. आणि आंबट काहीही, टोमॅटो असो की लिंबू, बटाटा पूर्ण शिजेपर्यंत घालू नका, आंबटात फोडी लवकर मऊ पडत नाहीत.

मग ब्लेंडर. गॅस बंद करते, तमालपत्र घातलं असेल तर आठवणीने काढते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साधारण तिसरा हिस्सा फोडी झाऱ्याने आधीच बाहेर काढून ठेवते. उरलेल्यात दांडा थोडा तिरका बुडवायचा, त्याच्या टोकाची, पात्याभोवतीची वाटी पूर्ण सूपखाली गेली की मगच बटण दाबायचं, तीन-चार सेकंद चालवायचं, सोडायचं, जागा बदलायची, परत. पहिल्या दाबात मोटरचा आवाज जड होतो, फोडी पात्याला लागतायत ते हाताला कळतं, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आवाज मोकळा होतो आणि पाण्यासारखा रस्सा बघता बघता पांढरट, सायीसारखा दाट दिसायला लागतो. तिथेच थांबायचं!! अजून थोडं गुळगुळीत करू असं वाटतंच, तरी थांबायचं, बारीक कण राहिले तरी चालतात. मग बाजूला काढलेल्या फोडी परत घालायच्या, मंद आचेवर दूध किंवा क्रीम, भरपूर मिरपूड, आणि दूध घातल्यावर खळखळून उकळू द्यायचं नाही. चमच्यात दाट रस्सा आणि त्यात अख्खी मऊ फोड येते ना, तेव्हा ते जेवण होतं.

आता तक्रारी, कारण आहेत. पातेलं उथळ असेल तर शिंतोडे उडतात आणि ते उकळते असतात, त्यामुळे खोल पातेलं नसेल तर हे यंत्र घेऊच नका. दांडा सरळ तळाला टेकवला तर वाटी बुडाला ओढून धरते, मग हिसका देऊन सोडवावा लागतो, तिरका धरला की हा त्रास जातो. नॉनस्टिकवर स्टीलची वाटी घासली जाते, मी स्टीलचंच पातेलं वापरते. सलग फार वेळ चालवायचा नाही, किती वेळ ते पुस्तिकेत दिलेलं असतं, बऱ्याच मॉडेल्सना एखादा मिनिट, मग विश्रांती, पण बटाट्याच्या सूपला तेवढा वेळ लागतच नाही, लागत असेल तर सूपच बिघडतंय. धुण्याचं म्हणाल तर लगेच धुतला तर काहीच नाही, उंच भांड्यात कोमट पाणी आणि साबणाचा थेंब घालून त्यात काही सेकंद चालवायचा, प्लग काढायचा, दांडा वेगळा करून नळाखाली धरायचा. तासभर तसाच ठेवला तर वाटीच्या आतल्या कडांना स्टार्च असा काही चिकटून वाळतो की ब्रश घेऊन बसावं लागतं, आणि आत धारदार पातं असल्यामुळे बोट घालायचीही सोय नाही.

प्लास्टिकच्या दांड्याचा स्वस्त मिळतो पण त्यावर सूपचे डाग बसतात, कांदा-लसणाचा वास राहतो आणि उकळत्या सूपमध्ये प्लास्टिक घालायचं मला पटतच नाही. सोबतचा चॉपर कांद्याला मस्त आहे, व्हिस्क क्रीमला ठीक. काही सेटमध्ये बटाटे मॅश करायचं वेगळं तोंडही येतं, सूपसाठी त्याची गरज पडत नाही.

आणि खरं सांगायचं तर पोताचा विचार केला तर चाळणी अजूनही सरस आहे. बटाटा आणि लीकचं ते प्रसिद्ध गार सूप, व्हिशिस्वाज, न्यूयॉर्कच्या रिट्झ-कार्लटनचे शेफ लुई दिया यांनी 1917 च्या सुमारास आणलं असं सांगतात, आणि हँड ब्लेंडरचं पेटंट स्वित्झर्लंडमध्ये निघालं 1950 साली, म्हणजे दियांच्या वेळी सूप गुळगुळीत व्हायचं ते चाळणीतून घासून. चाळणीत पेशी चिरल्या जात नाहीत, एकमेकींपासून नुसत्या सुट्या होतात, म्हणून ते सूप रेशमी होतं आणि चिकट होत नाही. पण चारसहा माणसांचं सूप चाळणीतून घासायला हातात जोर आणि हाताशी वेळ दोन्ही हवं, रोजच्या धावपळीत ते होणार नाही, आणि ज्यात फोडी हव्याच आहेत त्या सूपला एवढ्या रेशमीपणाची गरजही नाही.

उरलेल्या सूपलाही ब्लेंडर उपयोगी पडतो, पण थोडाच. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवलेलं सूप दुसऱ्या दिवशी घट्ट गोळा होतं, त्यात दूध किंवा स्टॉक घालून हळूहळू गरम करत चमच्यानेच ढवळा, ब्लेंडर नको. फ्रीझरमधलं मात्र सुटल्यावर पाणी वेगळं आणि रवाळ दिसतं, तिथे एखाद-दोन दाब दिले की बऱ्यापैकी जमून येतं, फ्रीझ करायचंच असेल तर दूध घालायच्या आधी करा. जास्त फिरवून चिकट झालेलं सूप मात्र परत पहिल्यासारखं होत नाही, गरम स्टॉकने सैल करून वेगळ्या शिजवलेल्या फोडी घातल्या तर खाण्याजोगं होतं एवढंच.

घेताना दुकानात हातात धरून बघा, वॉट नंतर बघा. जड असेल तर मनगट दुखतं, दांडा आखूड असेल तर हात वाफेत जातो, आणि बटण दाबून धरायचं असावं, सोडलं की पातं लगेच थांबायला हवं. एकदा दाबून चालूच राहणारं मॉडेल असेल तर या सूपसाठी ते घेऊ नका.