‘इलेक्ट्रिकला गिअरबॉक्स कशाला?’ म्हणणाऱ्यापासून जपून

जुन्या ओम्नीत (मारुतीची छोटी व्हॅन) इलेक्ट्रिक मोटार बसवून घ्यायच्या विचारात असाल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा.

साताऱ्यातल्या आमच्या रोपवाटिकेची ओम्नी एका गॅरेजवाल्याने इलेक्ट्रिक करून दिली. कोटेशन 15 किलोवॅट, 6000 आरपीएम (मिनिटाला फेरे) मोटारीचं. “दादा, इलेक्ट्रिकला गिअर लागतच नाहीत, उगाच वजन कशाला वाहताय?” असं म्हणत त्याने गिअरबॉक्स उतरवला आणि मोटार थेट प्रॉपेलर शाफ्टला (मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) जोडली. सपाटीला गाडी झकास पळाली. ट्रायलही त्याने तिथेच दिली, हे नंतर लक्षात आलं. रोपं भरून यवतेश्वरचा घाट चढायला घेतला, तर पहिल्याच चढाला ठप्प. मोटारीला हात लाववत नव्हता.

दुसऱ्या मेकॅनिकने मोटारीवरचं चकचकीत स्टिकर नखाने उचकटलं. खाली मूळ प्लेट रिव्हेट केलेली: 7.5 किलोवॅट, 3000 आरपीएम.

पुढची गंमत अशी, की कोटेशनमधली आणि ही, दोन्ही मोटारींचा रेटेड टॉर्क (सलग देता येणारा पिळाचा जोर) एकच, साधारण 24 न्यूटन-मीटर. किलोवॅटला 9550 ने गुणा, आरपीएमने भागा. म्हणजे स्टिकर खरं असतं तरी घाटात हीच गत होती! ओम्नीच्या डिफरन्शियलचा (मागच्या चाकांमधला गिअर) रेशो पाचच्या आसपास, म्हणजे शाफ्टचे पाच फेरे तेव्हा चाकाचा एक; टायरचा घेर 1.7 मीटर. ताशी 60 ला मोटार 3000 ने फिरते. 6000 ची मोटार थेट जोडली, तर तिचा पूर्ण वेग ताशी 120 ला लागणार. ओम्नीला तो काय चाटायचाय? मध्ये 2:1 चा (मोटारीचे दोन फेरे, शाफ्टचा एक) गिअर असता तर ओढ दुप्पट झाली असती. टनभर गाडीला दहा टक्के चढावर हजारभर न्यूटन लागतात, आमच्या चाकांना सलग मिळत होते जेमतेम साडेचारशे.

गिअरबॉक्स ठेवायचा तर त्याला मोटार जोडणारी ॲडॅप्टर प्लेट आणि कपलिंग लेथवर नेमकं करून घ्यावं लागतं. तो खर्च त्याने वाचवला, वर आमचा गिअरबॉक्स परस्पर विकला.

डिफरन्शियलचा रेशो घरीच कळतो. मागची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, शाफ्टला खडूची खूण करा, दोन्ही चाकं एकदम एक फेरा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. कोटेशनवर रेटेड टॉर्क आणि रेटेड आरपीएम लिहून मागा; ‘पीक’चे (क्षणभरच मिळणाऱ्या जोराचे) आकडे कुणीही फेकतो. इलेक्ट्रिक किटचं एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेचं मंजुरीपत्रही बघा. आमच्या किटला ते नव्हतंच, त्यामुळे आरसी बुकात बदलाची नोंद होत नाही.

पावतीवर त्याने नुसतं ‘मोटार फिटिंग’ लिहिलंय. कोटेशन मात्र मोबाइलवर आलं होतं; ते आणि उचकटलेल्या स्टिकरचा फोटो जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे.