पुण्यात गाडीविना राहायचं तर: सदाशिव पेठ आणि डेक्कन, पायी फिरून आलेला अनुभव

निकाल आधी सांगतो. पुण्यात स्वतःची गाडी न ठेवता, पायी, आणि तरी माणसांच्या वर्दळीत राहायचं असेल तर सदाशिव पेठेतला पेरुगेट ते चिमण्या गणपती हा पट्टा. दुसरा नंबर नदीपलीकडचा: प्रभात रस्ता आणि भांडारकर रस्ता यांच्या डेक्कनकडच्या टोकाच्या गल्ल्या. दोन्हीकडे पावसाळा, गणपती आणि दिवाळीची खरेदी एवढं काढून झाल्यावरचं हे मत आहे. हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी बघितलं तर पुण्यातला कुठलाही भाग चालण्याजोगा वाटतो.

शहर पसरलंय किती, तर २०२१ मध्ये २३ गावं आत आल्यावर महापालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. या पसाऱ्यात 'सगळं चालत पाच मिनिटांवर' हे दलालाचं वाक्य सगळीकडे ऐकू येतं आणि बहुतेकदा ते अंतरापुरतं खरंही असतं. फसगत होते ती रस्ता ओलांडताना. नकाशावर चारशे मीटरवर असलेली मंडई मधल्या सहापदरी रस्त्यामुळे रिक्षाने जायची जागा होते. म्हणून घर बघताना मीटर मोजू नका, ओलांडायचे मोठे रस्ते मोजा. रोजच्या कामाच्या वाटेवर एक चालतो, दोन सोसतात. तीन असले की महिन्याभरात घरात दुचाकी येते.

पेरुगेटहून मंडईला जाताना मोठा म्हणावा असा बाजीराव रस्ता एवढाच आडवा येतो. शनिपारापर्यंत आलात की पलीकडे तुळशीबाग, तिच्या मागे मंडई. पुढचा शिवाजी रस्ता ओलांडावा लागत नाही, कारण मंडई या दोघांच्या मधेच आहे. एकेरी रस्ता ओलांडणं सोपं असायला हवं, पण इथे उलट्या बाजूने येणारी दुचाकी गृहीतच धरायची आणि मान दोन्हीकडे वळवायची. बाजीराव रस्त्यावर सिग्नलची वाट बघत बसू नका. बसच्या मागून न जाता, बस पूर्ण पुढे गेल्यावरच पाऊल टाका. बसला चिकटून दुचाकी येते, ती दिसत नाही.

भागाची खरी परीक्षा दळणाची. पाच किलो गव्हाचा डबा घेऊन गिरणीपर्यंत जायचं, दळून होईपर्यंत भाजी आणि औषधं उरकायची आणि गरम डबा घेऊन परत यायचं. वाटेत कुठेही डबा खाली ठेवून 'आता कसं जायचं' असं झालं नाही तर भाग पास. सदाशिव पेठ यात सहज पास होते. गिरणी, इस्त्रीवाला, चांभार, किराणा, झेरॉक्स, पोळीभाजी केंद्र हे सगळं एका बोळाच्या अंतरात सापडतं. प्रभात रस्ता काठावर पास होतो. सावली उत्तम, झाडं जुनी, फूटपाथ बऱ्यापैकी. पण बंगले आणि सोसायट्याच जास्त, त्यामुळे सुट्या कामांसाठी डेक्कन किंवा कर्वे रस्त्यापर्यंत यावंच लागतं. बाणेर-बालेवाडीकडचे चकचकीत पट्टे इथे सरळ नापास. संध्याकाळी गर्दी भरपूर, पण ती गाडी लावून आलेल्यांची. पिठाची गिरणी शोधायला निघा म्हणजे कळेल.

औंधात फूटपाथ खरोखर रुंद केलेत आणि तिथे चालायला मजा येते, हे मान्य. पण तो बेटासारखा भाग आहे. नाटक, पुस्तकं, जुना बाजार यासाठी शेवटी शहरातच यावं लागतं.

आता फूटपाथ. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या सूचनांप्रमाणे मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको. पेठांमध्ये ही दोन्ही मापं विसरा. विजेचा डीपी बॉक्स, झाडाचं आळं, दुकानाची पायरी आणि लावलेल्या दुचाक्या वजा केल्या की अनेक ठिकाणी एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा उरते. दुचाकी चढू नये म्हणून ठोकलेल्या खांबांमधून बाबागाडी जात नाही, चाकाची खुर्ची तर नाहीच. टिळक रस्त्यावर संध्याकाळी सिग्नल तुंबला की जिथे खांब नाहीत तिथे दुचाकी फूटपाथवर येते. त्या मानाने बोळ बरे. तिथे फूटपाथच नसतो, सगळे मधून चालतात, गाडीवाल्यालाच सावकाश जावं लागतं. पेठांमध्ये चालणं सुखाचं होतं ते बोळांमुळे, आणि ते पाठ व्हायला साधारण महिना लागतो.

जंगली महाराज रस्त्याचा रुंद फूटपाथ या सगळ्यात उजवा. बालगंधर्वपासून डेक्कनपर्यंत दोघं गप्पा मारत शेजारी शेजारी चालू शकतात, आणि ही चैन पुण्यात फार ठिकाणी मिळत नाही. बसचं गणित मात्र नीट समजून घ्या. जंगली महाराज रस्ता डेक्कनकडे येणारा एकेरी, फर्ग्युसन रस्ता डेक्कनहून जाणारा एकेरी. म्हणजे जाताना एका रस्त्यावर चढायचं आणि येताना दुसऱ्यावर उतरायचं. दोन्ही थांबे धरून घराचं अंतर काढा.

मेट्रोने पेठांचं चित्र बदललं. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही स्टेशनं मिळाली. पिंपरीकडे थेट जाता येतं. दुसऱ्या मार्गावरच्या वनाज किंवा रामवाडीकडे जायचं तर जिल्हा न्यायालयाला गाडी बदला. ते स्टेशन सुमारे ३३ मीटर खोल आहे, त्यामुळे सरकते जिने धरून पाच-सात मिनिटं जास्तीची ठेवा. डेक्कनचं स्टेशन रस्त्यावर नसून मागे नदीकाठी आहे, हेही घर ठरवण्याआधी चालून बघा.

पावसाळ्यात खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पेठ-डेक्कन जोडणारी सोयीची वाट बंद होते. मग लकडी पूल किंवा झेड ब्रिज. २५ जुलै २०२४ ला डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत पाणी शिरलं होतं. नदीच्या बाजूला घर स्वस्त मिळत असेल तर त्यामागे हेच कारण नाही ना, ते आधी तपासा.

गणपतीत दहा दिवस संध्याकाळी सहानंतर चालण्याचा वेग निम्मा धरा. विसर्जनाला लक्ष्मी, कुमठेकर, केळकर आणि टिळक या चारही रस्त्यांवरच्या मिरवणुका अलका चौकात येतात आणि सगळं चोवीस तासांहून जास्त चालतं. या रस्त्यांच्या मधे घर असेल तर दूध, औषधं आदल्या दिवशी भरून ठेवा. स्पीकरच्या भिंतींचा आवाज काचा बंद करून थांबत नाही, छातीत वाजतो. घरात आजारी माणूस किंवा तान्हं मूल असेल तर त्या दोन दिवसांची सोय बाहेर करावी, हे कौतुकाच्या भरात कुणी सांगत नाही. उलट लक्ष्मी रस्त्यावर महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन करते, २०२१ पासून. त्या दिवशी चालून बघा आणि मग १२ तारखेला पुन्हा चाला.

घर बघताना: सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री साडेनऊ अशा तीन वेळा जा. दुपारी किती दुकानं बंद असतात आणि रात्री बोळात दिवे किती, हे एका फेरीत कळत नाही. खिडकी रस्त्याकडे की बोळाकडे ते बघा. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, म्हणून तिसऱ्या मजल्यापर्यंत दळणाचा डबा मनातल्या मनात चढवून बघा. पाणी किती वाजता येतं, टाकी कुणाची, हे मालकाला नाही, शेजारणीला विचारा. शेजारचा वाडा पाडायला निघालाय का हेही विचारा, कारण बांधकाम सुरू झालं की राडारोड्याच्या गाड्या बोळ अडवतात आणि ते दोन-तीन वर्षं चालतं. शास्त्री रस्ता आणि नवी पेठेकडे कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहणारी स्पर्धा परीक्षांची मुलं खूप आहेत. त्यामुळे रात्री उशिरापर्यंत चहा, पोहे आणि रस्त्यावर माणसं मिळतात, तसाच खालच्या अभ्यासिकेपाशी लागलेल्या दुचाक्यांचा गराडाही.

कार असेल तर ती विकून या किंवा उपनगरातल्या नातेवाइकांकडे ठेवा. पेठेत तिला जागा शोधण्यात जाणारा वेळ चालून वाचवलेल्या वेळापेक्षा जास्त भरतो.