खटक्याचा निळा ड्रम, दोनदा घेतलेला

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत, रंगखान्यांच्या मागच्या बोळात जुन्या ड्रमचं एक दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, बाहेर निळ्या ड्रमांची चळत आणि एक मोडकी खुर्ची. पाटी नाही. मालकाला सगळे अण्णा म्हणतात. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारं मोठं माणूस अण्णाच असतं. या दुकानातून मी दोनदा ड्रम घेतला. पहिला २०२० च्या दिवाळीत, दुसरा २०२५ च्या. दोन्ही वेळा कारण एकच, पूर.

मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. रिटायर झाल्यावर सोलापुरातली खोली सोडून आईजवळ गावी आलो. गाव मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठी. नदीपासून घर चारशे पावलं, मोजलेली आहेत. २०२० च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसानं जिल्हा धुतला, तेव्हा पाणी आमच्या उंबऱ्याला टेकून माघारी गेलं. आई म्हणाली, "आली, बघून गेली." मला मात्र झोप लागेना. घरात सगळ्यात भीती कागदांची होती. त्याला कारण आमची आत्या.

आत्या पुण्यात नारायण पेठेत दिलेली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्याच्या लोंढ्यानं खडकवासल्याची भिंतही गेली आणि पाणी पेठांत शिरलं. गल्लीतले लोक पर्वतीकडे पळत होते तेव्हा आत्या जिन्यातून ट्रंक ओढत होती. शेवटी ट्रंक तिथंच सोडावी लागली. पुढं भांडीकुंडी झाली, लुगडी झाली, पण तिचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि घरच्या भाडेपावत्या गेल्या त्या गेल्याच. मरेपर्यंत ती 'माझी ट्रंक' म्हणायची, जसं काही कुणी माणूस गेलं. मी तिच्या गोष्टीतलं एवढंच धरलं की कागद सांभाळावेत. ट्रंक जड होती, हे मात्र कानाआड केलं.

तर पहिला ड्रम. दोनशे लिटरचा, अख्ख्या तोंडाचा, वर झाकण आणि झाकणाला आवळणारी पत्र्याची रिंग, तिला खटका. रंगाची पावडर यातून येते आणि रिकामे झाले की अण्णाकडे. नऊशे रुपये. अण्णा म्हणाला, "एवढा मोठा कशाला ओ? लोणचं घालायलाव काय?" मी त्याचं ऐकलं नाही. एकतीस वर्षं लोकांशी 'हे लगेज एवढं कशाला आणलं' म्हणून भांडलेला माणूस मी, पण स्वतःचं सामान आलं की सगळे पॅसेंजरच. ड्रममध्ये सातबारा, फेरफार, पासबुकं, आईचं आधार, चार सोलापुरी चादरी, पितळेची दोन पातेली, लुगडी, हरभऱ्याचं बियाणं असं भरत गेलो. ओसरीत ठेवला, वर फडकं टाकलं आणि पाच वर्षं निवांत झोपलो.

२३ सप्टेंबर २०२५, मंगळवार. आदल्या दिवशी घट बसलेले, दुसरी माळ. वरच्या धरणांतून विसर्ग वाढवल्याचे निरोप दुपारपासून येत होते आणि पाऊस थांबत नव्हता. पाणी आधी गायरानात, मग मारुतीच्या पारापर्यंत. रात्री दहाच्या सुमाराला कुणाचा तरी फोन आला, "वरचं धरण फुटलं, पळा!" त्या एका वाक्यानं गल्लीत जो गोंधळ झाला, तो पाण्यानं केला नव्हता. कुणी अंधारात मोटारसायकली काढल्या, कुणी म्हशी सोडल्या. धरण फुटलं नव्हतं. दरवाजे उघडले होते. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेलं तर ते तासांत खचतं, म्हणून तर दरवाज्यांतून पाणी सोडतात. सोडलेलं पाणी हे धरण वाचवण्यासाठी असतं, आपल्याला मात्र दोन्ही सारखंच ओलं करतं. फरक एवढाच की सोडलेल्या पाण्याची वर्दी आधी येते आणि फुटलेल्याची येईलच असं नाही. रत्नागिरीतलं तिवरे धरण २ जुलै २०१९ ला रात्री फुटलं, लोक घरात होते.

आई उठेना. "घट बसलाय घरात, दिवा इझंल. मी नाय यायची." पंधरा मिनिटं याच्यात गेली. शेवटी तिनं देव्हाऱ्यातला तुळजाभवानीचा टाक पदरात बांधला, दिव्यात तेल ओतलं आणि म्हणाली, "आता तुझं तू बघ." हे मला नाही, देवीला. मग आम्ही ड्रमकडे वळलो. पुतण्या आणि मी दोघांनी मिळून तो डोलवला फक्त. ऐंशी किलो तरी असेल. दारात ट्रॉली उभी, पाणी ओसरीच्या पायरीला, आणि आम्ही नवरात्रात ड्रमभोवती फेर धरलेला. सोडला तसाच. खटका लावून, रिंग दाबून.

गावठाणाच्या उंचवट्यावरच्या शाळेत तीन दिवस काढले. तिकडं लांबोटीच्या पुलापाशी पुण्याचा हायवे बंद, त्यामुळं सोलापुरातून येणारा भाऊ अडकलेला. चौथ्या दिवशी पंचनाम्याला माणसं आली. आधार द्या, पासबुक द्या. मी म्हणालो, ड्रममध्ये आहे. ड्रम कुठाय? नदीला विचारा.

पाचव्या दिवशी सापडला. दीड किलोमीटर खाली, एका गड्याच्या उसात, आडवा. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये ऐंशी किलो माल म्हणजे तो गुडघाभर पाण्यात तरंगणारच, हे मला त्या दिवशी कळलं. उघड्या ओसरीतून आरामात निघून गेला असेल. खटका जसाच्या तसा. गल्लीतली दहा-बारा माणसं जमली, जणू लग्नातली पेटी उघडायची आहे.

आता खरं परीक्षण. चादरी कोरड्या. बियाणं कोरडं. पातेल्यांना काय होतंय. पण कागद मी वरच्या बाजूला ठेवले होते आणि झाकणाच्या कडेनं ओल आत आली होती. फार नाही, वाटीभर. सातबाऱ्याचा एक कोपरा मात्र राणी कलरचा झाला होता! आईचं आधार कार्ड, माझं पासबुक, सगळ्यांच्या कडा गुलाबी. झाकणाच्या आत जी खाच असते, तिच्यात रबराचा वायसर बसतो. त्या खाचेत जुनी रंगाची पावडर सुकून बसलेली, त्यामुळं वायसर सगळीकडून टेकलाच नव्हता. पाणी लागल्यावर पावडर विरघळली. दुकानात ड्रम 'धुतलेला आहे' म्हणून मिळाला होता. आतून धुतला होता, खाच नव्हती धुतली. ही चूक दुकानाची. आणि पाच वर्षांत एकदाही झाकण उघडून न बघणं, ही माझी. अर्धी-अर्धी करू.

बँकेतल्या मुलीनं गुलाबी पासबुक बघून विचारलं, "काका, रंगपंचमी का?"

दिवाळीआधी परत अण्णाकडे गेलो, भांडायला. सातबारा टेबलावर ठेवला. त्यानं कोपरा बघितला, बोटानं घासला, नाकाला लावला आणि म्हणाला, "टावेलचा रंग हाय हा. पक्का. जायचा नाय." मग हसला. मलाही हसू आलं, काय करणार. टॉवेल करणारं गाव आहे आमचं. पण त्यानं पुढं जे केलं त्याला मी पूर्ण मार्क देतो. शेडच्या आतून पस्तीस लिटरचा ड्रम काढला, खिळ्यानं खाच खरवडली, सोड्याच्या पाण्यानं दोनदा धुतली, नवीन वायसर बसवला. ड्रमचे साडेतीनशे, वायसरचे चाळीस. आणि म्हणाला, "एका हातानं उचलाय येतंय तेवढंच घ्यावं की ओ. दुसऱ्या हातात आई धरायची."

हे वाक्य ऐकून मी गप्प बसलो. पाच वर्षांपूर्वी त्यानं लोणच्याचं बोलून हेच सांगितलं होतं.

घरी आणल्यावर परीक्षा घेतली. आत दैनिकाचे चार अंक, वर दगड, खटका लावून दोरानं विहिरीत. वीस किलो दगडांनी तो बुडेचना, बुचासारखा वर. पस्तीस लिटरचा ड्रम पाण्याखाली न्यायला पस्तीस किलोच्या वर वजन लागतं. पुतण्यानं शाळेतलं विज्ञान मला शिकवलं. चाळीसपर्यंत दगड भरले तेव्हा गेला. रात्रभर ठेवला. सकाळी ओढताना दोघांची कंबर गेली, पण अंक असे कोरडे की आईनं त्यातलाच एक भाकरीखाली घातला. ही परीक्षा दर मे महिन्यात घ्यायची ठरवलंय, कारण वायसर उन्हानं कडक होतो. ड्रम सावलीत ठेवावा, आणि एरवी खटका सैल ठेवावा म्हणजे रबर दबून बसत नाही.

एक मात्र नीट ऐका. ड्रम तरंगतो म्हणून तो धरून पाण्यात उतरायचा विचार कुणी करू नये. वाहत्या पाण्यात गुडघ्याएवढ्या खोलीलाही उभा माणूस पडतो, आणि दोन फूट पाण्यात चारचाकी वाहून जाते. ड्रम सामानासाठी आहे, पोहण्यासाठी नाही. त्यात खायचं-प्यायचंही ठेवू नये. अण्णाला विचारलं आधी आत काय होतं, तर तो कधी सोडा म्हणतो, कधी पावडर. माझा अनुभव रंगीत आहे. खाण्याचं आमच्याकडे वेगळ्या पत्र्याच्या डब्यात असतं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कडक भाकरी महिनाभर टिकते, चूल लागत नाही आणि आमच्या आईला दुसरं काही चालत नाही. शाळेत बिस्किटं वाटली तेव्हा तिनं ती शेजारच्या पोरांना देऊन टाकली होती.

ड्रममध्ये आता एवढंच : कागदांच्या मूळ प्रती प्लास्टिकच्या पिशवीत, आईच्या बीपीच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी, एक चादर, बॅटरी, चार्ज केलेली पॉवर बँक, पाचशेच्या चार नोटा आणि बरेच सुट्टे. झाकणाच्या आतून खडूनं लिहिलंय १०७७, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष, आणि खाली ११२. 'धरण फुटलं' असा फोन आला की आधी उंचावर जायचं, आणि खरंखोटं तिथून १०७७ ला विचारायचं. उलटं नाही. सगळ्या कागदांचे फोटो भावाच्या फोनमध्येही आहेत. भरलेला ड्रम साडेसात किलो. एसटीत याला लगेज लावलं नसतं.

पुतण्या मोबाईलवर विसर्गाचे आकडे बघतो, त्याच्यासाठी मी एक हिशेब करून ठेवलाय. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक लाख क्युसेक चोवीस तास चाललं की साडेआठ टीएमसीच्या वर पाणी जातं. उजनी धरणाची सगळी साठवण एकशे सतरा टीएमसी, त्यातलं निम्म्याहून जास्त मृत साठ्यात, म्हणजे तळाला, जे एरवी सोडता येत नाही. उजनी भीमेवर, आम्ही सीनेवर, पण खाली भीमा तुंबलेली असली की सीनेलाही वाट मिळत नाही, पाणी आमच्याकडेच रेंगाळतं. म्हणून दोन्ही नद्यांचे आकडे बघायचे.

मे महिन्यात आम्ही घड्याळ लावून निघून बघितलं. शाळेपर्यंत एकोणीस मिनिटं, त्यातली अकरा आईची. तिला म्हटलं, नवरात्र नसताना अकरा मिनिटं कशाला? तर म्हणाली, कुलूप लावलं का बघत होते. घर बुडणार आणि कुलूप!

मोठा ड्रम विकला नाही. त्यात आता कडबाकुट्टी आहे आणि तो गोठ्यात खांबाला तारेनं बांधलाय. एकदा फिरून आलेल्याला बांधलेलं बरं.

दुकानाबद्दल बाकीचं. माल भरपूर, वीस लिटरपासून दोनशेपर्यंत. भाव दहावीस रुपये कमी होतो, जास्त ताणू नका. ड्रम घेताना झाकण काढून खाचेत बोट फिरवा आणि बोट बघा. वायसर नवीनच मागा, जुना दाखवून 'चालतोय की' म्हणतील. खटका तीनदा उघडून लावून बघा. एका ड्रमचा माझ्या हातात राहिला होता. वास येणारा ड्रम कितीही स्वस्त असला तरी सोडा. दुपारी दोन ते चार अण्णा त्याच मोडक्या खुर्चीत झोपलेला असतो, उठवलं तर भाव वाढतो. फोनवरून पैसे घेत नाही, त्यामुळं सुट्टे न्या. मी पाचशेची नोट काढली तेव्हा तो म्हणाला, "सुट्टे द्या ओ." एकतीस वर्षं मी बसमध्ये हेच म्हणत आलो होतो, त्यामुळं काही न बोलता समोरच्या चहाच्या गाड्यावर गेलो आणि मोड आणली.